मागून आणलेलं झबलं

"कमी करा," नानासाहेब म्हणाले आणि स्वतःच दचकले.

गयासभाईही दचकला. गुलमंडीतल्या त्याच्या कापडाच्या दुकानात नानासाहेब मास्तर कित्येक वर्षं येत होते. तो सांगेल ती किंमत ते मुकाट्यानं देत आणि वर "तुम्हाला त्रास दिला" असं म्हणून जात.

"मास्तर, तीन रुपये म्हणलो. कलदार," गयासभाई म्हणाला. पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं होऊन गेली तरी काही गिऱ्हाइकं अजून निजामाचं हाली नाणं पुढं करीत, म्हणून त्याला प्रत्येक वेळी हे सांगावं लागे. "त्यात कमी काय करायचं?"

"तरी करा."

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांच्या नातवाचं बारसं होतं. सुनेची आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती. म्हणून या खेपेला नानासाहेबांच्या पत्नीनं, मनकर्णाबाईंनी, सगळं आपल्या हातात घेतलं होतं. नाव ठेवायचं सांडू. हे टाकून दिलेलं लेकरू आहे असं वाटलं की मरण त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. आणि पहिलं झबलं विकत आणायचं नाही, मागून आणायचं. तेही जिथं सगळी लेकरं जगली अशा घरच्या माणसाकडून. गयासभाईची सातही लेकरं धडधाकट मोठी झाली होती.

"दमडी जरी दिलीत, तरी ते झबलं उंबऱ्याच्या आत घेणार नाही," मनकर्णाबाईंनी बजावलं होतं.

नानासाहेब पुस्तकं वाचणारे. त्यांना हे पटत नव्हतं. पण दोनदा मातीला जाऊन आलेल्या माणसाला न पटणं परवडत नाही.

अडचण वेगळीच होती. नानासाहेबांना मागता येत नसे. ताटात मीठ वाढायचं राहिलं तरी ते मागत नसत. म्हणून पडेगावहून चालत येताना त्यांनी एक युक्ती काढली. घासाघीस करायची. भाव इतका पाडायचा की दुकानदार वैतागून म्हणेल, जा, फुकट न्या.

समोर तीन झबली पडली होती. जरीची किनार लावलेलं लाल, हिरवं छिटाचं आणि पांढरं मलमलीचं. नानासाहेबांनी सगळ्यात स्वस्त, तीन रुपयांचं मलमलीचं उचललं होतं. फुकटच न्यायचं तर महागाचं कशाला?

"दोन रुपये," ते म्हणाले.

"बरं, दोन. पडेगावहून चालत आलात का टांग्यानं?"

"चालत. दीड रुपया."

"दीड तर दीड. या उमरला चालत! दम नाय लागला?"

"नाही. एक रुपया."

खण बघायला आलेली एक बाई खोळंबली होती. "बाई, जरा दम धरा," गयासभाई तिला म्हणाला. "मास्तर आज पहिल्यांदा भांडायलेत. मला बघू द्या." मग तो पुन्हा वळला. "दात सगळे घरचेच का?"

"खालचे दोन गेले. बारा आणे."

"आणि नजर?"

"बारीक अक्षर वाचतो अजून. आठ आणे."

"पंच्याहत्तरीला आला असाल."

"अठ्ठ्याहत्तर सरलं. चार आणे."

"माशाल्ला!" गयासभाई म्हणाला.

नानासाहेबांना बैलबाजारात उभं असल्यासारखं वाटू लागलं. भाव पडत होता, पण ज्यानं वैतागायचं तो माणूस काही वैतागत नव्हता. एवढ्या सहज कुणी नमत असेल तर घासाघीस चालू ठेवायची तरी कशी?

"एक आणा," ते घाईघाईनं म्हणाले.

गयासभाईनं कपाळावर हात मारला. "मास्तर, आता फुकटच न्या की!"

"बरं," नानासाहेब म्हणाले, आणि झबलं काखेत घालून वळले.

पण झबल्याची बाही गयासभाईच्या मुठीत राहिली.

"थांबा, मास्तर. असं नाय चालत," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या घरी काय काय झालं ते मला ठाऊक हाय. कशाला आलात तेबी कळलं. पण हे असं नेलं तर थट्टेत नेल्यागत होईल. फळायचं नाय. तोंडानं मागा."

नानासाहेबांचे कान तापले. खणवाली बाई बघत होती. शेजारचा अत्तरवालाही मान लांब करून बघत होता. त्यांनी झबलं गादीवर ठेवलं. दोन लहान खड्डे त्यांच्या डोळ्यांपुढं आले. त्यांनी ओंजळ पुढं केली.

"गयासभाई, माझ्या नातवासाठी झबलं द्या. भीक म्हणून द्या."

गयासभाईनं दोन्ही हातांनी झबलं त्यांच्या ओंजळीत घातलं. वर एक टोपडं ठेवलं. नानासाहेबांना आता फक्त तिथून निघायचं होतं. ते पायऱ्या उतरले.

गयासभाई त्यांच्या मागोमाग खाली उतरला आणि पुढं येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर आता थट्टा नव्हती.

"आमच्या जाहेदाला लेक झाली, मास्तर. माझी धाकटी जाहेदा. तिचीबी आधीची दोन गेली. अम्मा म्हणती, लई जगलेल्या, हिंडत्या-फिरत्या माणसाच्या अंगावरचं कापड मागून आण, पोरीला त्याचंच पहिलं कुर्तं शिवू. रोज निघतो आणि रोज परत येऊन बसतो. कापडवाल्याला कोण भीक घालंल? लोक हसतील." छतापर्यंत ठाणांनी भरलेल्या आपल्या दुकानाकडे पाठ करून त्यानं दोन्ही हात पसरले. "तुमचा सदरा द्या."

नानासाहेबांनी झबलं-टोपडं काखेत धरलं, कोट काढून गयासभाईच्या खांद्यावर टाकला आणि भर गुलमंडीत, खणवाल्या बाईच्या देखत, सदऱ्याची वरची गुंडी सोडली.