आइस्क्रीम येईपर्यंत

"आइस्क्रीम खाल्ल्याशिवाय जायचं नाही, नाना," पितांबर म्हणाला. "अख्ख्या धुळ्यात असं मिळत नाही."

नाना समोरच्या आरशात बघत होते. आरशात त्यांचं पागोटं होतं, वर विजेचा पंखा होता आणि मागे हिरवा पडदा. पडद्याआड बायकांसाठी लहानशी खोली केली होती. मंजुळा तिथे बसली होती. नाना तिच्या वारलेल्या नवऱ्याचे वडील. त्यांच्यासमोर तिने कधी घास घेतला नव्हता, आताही घेणार नव्हती.

सून दुसऱ्या नवऱ्याशी पाट लावून ज्या घरी गेली, त्या घरचं पाणी सासऱ्याने प्यायचं नसतं. म्हणून नाना भडगावाहून आले ते पितांबरच्या घरी न जाता इथे. हॉटेल पितांबरनेच सुचवलं. पण इथेही पाणी त्यानेच मागवलेलं. बर्फ घातलेल्या ग्लासाला नानांनी हात लावला नव्हता.

त्यांची नात शेवंता त्यांच्या मांडीवर होती. तिच्या अंगातलं नवं परकर-पोलकं त्यांनीच आणलेलं, जरा मोठंच झालं होतं.

"दूध तुटनं ना इनं?" नानांनी पडद्याकडे तोंड करून विचारलं.

"तुटलं," उत्तर पितांबरने दिलं. "माझ्या आईने कडुनिंबाचा पाला वाटून दिला, तो लावलाय. सकाळपासून अंगावर पाजलं नाही."

"मंग झालं. पंचस्नी तेच सांगेल शे. दूध तुटनं की पोर बापना घर." नाना थांबले. "बाप तर नही ऱ्हायना. घर शे."

मंजुळा पडद्याच्या फटीतून बघत होती. मागच्या अंगणात आइस्क्रीमचा पॉट फिरत होता. बर्फ आणि खडेमीठ खर्रखर्र वाजत होतं. ते वाजणं थांबलं की आइस्क्रीम येणार. आइस्क्रीम संपलं की भडगावची मोटार.

वेटरने वड्यांची बशी आणून आदळली. पितांबरने वडा फोडला. वरून कडकडीत, आत गार. "चटणी फक्कड आहे यांची," तो ओशाळून म्हणाला.

नानांनी वड्याचा कण फुंकून शेवंताच्या तोंडात घातला. तिने तो जिभेने बाहेर ढकलला. जिलबीचा तुकडा दिला. तो तिने चोखला, बोटांत फिरवला आणि नानांच्या धोतरावर टाकला.

"खास ना ही काही? का उपाशी ऱ्हास?"

"वरणभात खाते की," पितांबर म्हणाला. त्याला नक्की ठाऊक नव्हतं. "आइस्क्रीम येऊ द्या, मग बघा. अहो वेटर! केव्हाचं सांगितलंय!"

"पॉट फिरतोय साहेब. घाई केली तर पातळ येईल."

मंजुळाला पाणी द्यायला वेटर पडद्याआड आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "भाऊ, राहू द्या. घाई करू नका." तो तिच्याकडे बघतच राहिला. या हॉटेलात असं त्याला कोणी म्हणालं नव्हतं.

शेवंता मांडीवरून घसरली आणि पडद्याखालून आत आली. आईच्या मांडीवर चढून तिने सवयीने पदर सारला, तोंड लावलं आणि झटकन मागे घेतलं. ओठ वाकडे झाले. ती रडली नाही. नुसती आईच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू ही कोण बाई. मंजुळाची चोळी भिजली होती.

मागच्या अंगणातली खर्रखर्र थांबली.

मंजुळाने ग्लास उचलला. ओंजळीत बर्फाचं पाणी घेऊन ती छाती चोळू लागली. अंगावर काटा आला. पांढऱ्या फरशीवर हिरवट ओघळ गेला. पदराने पुसलं, पुन्हा धुतलं. "ये ना माय," ती कुजबुजली. "आता नही कडू."

शेवंता येईना. मग तिने जिभेचं टोक लावून पाहिलं. पुन्हा लावलं. आणि मग दोन्ही मुठींनी तिने आईची चोळी घट्ट धरली.

बाहेर गुलाबी आइस्क्रीमचा कप आला.

"आलं बघा! अगं, शेवंताला पाठव इकडे."

पंख्याच्या घरघरीखाली दुसरा एक बारीक आवाज येत होता. गटक, गटक, मध्ये एक उसासा, पुन्हा गटक. पितांबर उठला. नानांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवलं. दोघंही कपाकडे बघत राहिले. कपातला गोळा एका बाजूने खचत होता.

स्टँडवर मोटारीचा भोंगा वाजला.

"नाना, मोटार..."

नानांनी धोतरावरचा जिलबीचा तुकडा उचलून बशीत ठेवला.

पडद्याखालून एक हात बाहेर आला. हातात रिकामा ग्लास होता. "भाऊ, अजून पाणी," मंजुळा म्हणाली. "दुसरी बाजू राहिली. लवकर द्या."

वेटरचा कुठे पत्ता नव्हता. ग्लास तसाच पुढे धरलेला. त्याच्या काठाला पाल्याचा हिरवा डाग होता. नाना त्या डागाकडे बघत राहिले.

भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांबवर.

नाना वाकले. रिकामा ग्लास त्यांनी तिच्या हातातून काढून घेतला, आणि आपल्यासमोरचा हात न लावलेला भरला ग्लास त्या हातात दिला.