उदाहरणाचा रकाना

"शब्दाचा अर्थ चुकवणारा माणूस हा अखिल मानवजातीचा गुन्हेगार असतो," कोशकारांनी जाहीर केलं. मानवजातीतर्फे त्या वेळी खोलीत फक्त त्यांची बायको हजर होती, आणि ती हरवलेला पायमोजा शोधत होती.

"मग जाऊन गुन्हा कबूल करून या," ती म्हणाली. "दोन वाजले. भावजी चारला घर सोडणार आहेत."

निघतोच, असं कोशकार म्हणाले. हे ते सकाळी आठपासून म्हणत होते. तसं पाहिलं तर अकरा वर्षांपासून म्हणत होते, पण आज आठपासून जरा जोरात.

त्यांच्या हातात एक कार्ड होतं. इंग्रजी-मराठी कोशाची तिसरी आवृत्ती निघायची होती. बाकीची सगळी कार्डं छापखान्यात पोचली होती, हे एकच अडलं होतं. शब्द होता 'व्हेलिइटी'. हा शब्द खुद्द इंग्रजांनाही वर्षाकाठी एकदाच लागत असेल, तोही समोरच्याला गप्प करण्यापुरता.

कोश मुळात दोघांचा. कोशकार अर्थ लिहीत आणि त्यांचा मित्र वापराचं उदाहरण. म्हणून छापखान्यात एकाला अर्थवाले म्हणत, दुसऱ्याला उदाहरणवाले. दोघांची सही असल्याशिवाय कार्ड पुढे जायचं नाही, हा नियम दोघांनीच केलेला. 'व्हेलिइटी'वर कोशकारांनी ठोकून दिलं होतं: उत्कट इच्छा. उदाहरणवाल्यांनी सही करायचं नाकारलं. त्यांचं म्हणणं, अर्थ नेमका उलटा आहे. ही इतकी लेचीपेची इच्छा, की तिच्यापायी माणूस जागचा हलतसुद्धा नाही. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी कोशकारांनी मित्राची सही आपल्याच हाताने केली आणि कार्ड छापायला धाडून दिलं.

कोश आला. वाचकांची पत्रं आली. एका वर्तमानपत्राने चौकट टाकून खिल्ली उडवली. प्रकाशकांनी बैठक बोलावून कार्ड टेबलावर ठेवलं. अर्थ तपासून मान्य केल्याची सही उदाहरणवाल्यांची होती. उदाहरणवाल्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग मित्राकडे पाहिलं आणि छत्री उचलून ते निघून गेले. दुसऱ्या आवृत्तीवरून त्यांचं नाव गेलं. कोशकार त्या बैठकीला पूर्ण वेळ हजर होते. त्यांनी चहा घेतला.

आता उदाहरणवाले घर विकून कायमचे लेकीकडे चालले होते, समुद्रापलीकडे. कार्डावरचा अर्थ कोशकारांनी दुरुस्त केला होता. त्याखालचा उदाहरणाचा रकाना मात्र कोरा होता. तो भरण्याचा हक्क ज्याचा, तो चार गल्ल्या पलीकडे सामान बांधत होता.

"काय बोलू पण तिथे जाऊन?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी केलं, चुकलो, एवढंच. त्याला काय कोश लागतो?" पायमोजा सापडला होता. तिने तो त्यांच्या मांडीवर ठेवला. "मी जरा पडते. उठेन तेव्हा तुम्ही घरात दिसू नका."

आणि एकदा मनावर घेतल्यावर सगळं किती सोपं असतं. कोपऱ्यावरचा कुत्रा चार वर्षं कोशकारांवर नेमाने भुंकत आला होता, तो आज शेपूट हलवत बाजूला झाला. मोठ्या रस्त्यावर सिग्नल हिरवाच होता. तीन जिने चढताना गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही. दार उघडंच होतं.

उदाहरणवाले एका बांधलेल्या खोक्यावर बसले होते. केस अजून काळेभोर. अकरा वर्षांत माणूस इतका कमी बदलावा याचं कोशकारांना बरं वाटलं, थोडा हेवाही वाटला.

"ये," उदाहरणवाले म्हणाले. "उशीर केलास."

"ती सही मी केली होती."

"ठाऊक आहे. माझा 'र' असा ढेरी पुढे काढून उभा राहत नाही. तो तुझाच."

मग कोशकारांनी सगळं सांगितलं. बैठकीत आपण का गप्प बसलो, घरी येऊन का जेवलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी का जेवलो, तेसुद्धा. प्रकाशकांना आजच पत्र लिहितो, तिसऱ्या आवृत्तीवर तुझं नाव माझ्या नावाच्या वर येईल, असंही बोलून टाकलं. एरवी लाँड्रीत आपलेच कपडे मागतानासुद्धा अडखळणारा हा माणूस, पण आज वाक्यामागून वाक्य स्वल्पविरामासकट येत होतं.

उदाहरणवाले शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग डोळे पुसून हसले.

"अकरा वर्षं लावलीस रे गाढवा. तेवढ्यात आपण आणखी एक कोश काढला असता. त्यात नव्या चुका केल्या असत्या."

"मला दरवर्षी यावंसं वाटायचं."

"मलाही वाटायचं तू यावंस. म्हणून तर घर बदललं नाही." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि हात पुढे केला. "आण ते कार्ड. उदाहरण लिहून देतो."

कोशकारांनी कार्ड पुढे केलं.

ते कोणी घेतलं नाही.

"भावजींचा फोन येऊन गेला," बायको म्हणाली. तिच्या हातात झाडू होता. "गाडीत बसताना केला त्यांनी. साडेचारपर्यंत थांबलो होतो म्हणाले." ती वाकली. "पाय वर घ्या जरा. खुर्चीखालचा केर राहिलाय."