भोंग्याआधी

त्या गावात रामनवमीला कंपनीचा बाराचा भोंगा वाजला की रामजन्म व्हायचा. तोवर गवराबाई पाण्याला शिवत नसे. तिचं हृदय दुबळं होतं. उन्हात तहान मारू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तापल्या पत्र्याच्या मांडवात सून कुजबुजली, “आत्याबाई, दोन घोट घ्या.” “न्हाई गं. आधी राम, मग मी.” कीर्तनाला उभ्या बुवांना तिचा हातपंखा हलताना दिसत होता. तो मंदावला आणि मांडीवर पडला. म्हातारीच्या कपाळावरचा घाम सुकला, मान कलली. भोंग्याला अजून अवकाश होता. बुवांनी कथा अर्ध्यात सोडून ‘राम जन्मला’ म्हणत गुलाल उधळला. गावकरी एकमेकांकडे बघत राहिले. गजर ऐकून तिनं डोळे किलकिले केले, तशी बुवांनी पाण्याचा तांब्या तिच्या ओठांना लावला. तांब्या निम्मा झाला, तोच भोंगा वाजला. “बुवा, भोंगा आत्ताशी वाजला,” ती तांब्या दूर सारत म्हणाली. “कंपनीचं घड्याळ मागं पडलंय, माय. पी तू.”