दुरुस्तीला दिलेली गाडी

इंजिन जाम झालेलं नव्हतं. चष्मेवाल्यानं चारही प्लग काढून आत थोडं थोडं तेल सोडलं, खालच्या मोठ्या नटाला पाना लावला आणि अंगातला सगळा जोर लावून ओढलं. आधी ते अडलं, मग कुरकुरत फिरलं. शेजारी टॉर्च धरून त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, "चला, सवत जिवंत आहे म्हणायची."

गाडी जुनी, दोन दारांची, लाल रंग उडून विटकरी झालेली. टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची. तरुणपणी असली एक गाडी त्याच्या शेजारून शीळ घालत गेली होती, ती त्याच्या डोक्यातून कधी उतरलीच नाही. गेल्या आठवड्यात सौदा झाला. आज त्याच्या चष्म्यांच्या दुकानाला सुट्टी, म्हणून सकाळीच कामाला हात घातला. खालचा गालिचा कुजला होता, तेव्हा सीट काढून भिंतीशी ठेवल्या. टर्बो सोडवून टेबलावर कागदावर ठेवला. नारळाएवढी लोखंडी गोगलगाय.

गॅरेजच्या दारात कुणीतरी खाकरलं. जिच्याकडून गाडी घेतली ती बाई उभी होती, आणि तिच्या हाताला धरून एक म्हातारा. शर्टाची कॉलर त्याच्या मानेभोवती सैल लोंबत होती. मनगटावर सलाईनच्या सुईच्या जागी अजून चिकटपट्टी होती.

"बाबा, हे मिस्त्री," ती म्हणाली, आणि बापाच्या खांद्यावरून तिनं चष्मेवाल्याकडे असं पाहिलं की त्याचा शब्द तोंडातच राहिला.

म्हातारा गाडीकडे वळला, तसं तिनं दबक्या आवाजात एका दमात सगळं सांगून टाकलं. आजारपणाच्या खर्चासाठी गाडी विकावी लागली. बाबा दवाखान्यात होते, त्यांना विचारायचा धीर झाला नाही. दुरुस्तीला दिलीय असं सांगितलं. आज तपासणीहून परतताना गाडी बघायचीच म्हणून हटून बसले. सौद्याच्या वेळी तिनं बाबा आता गाडी चालवत नाहीत, एवढंच सांगितलं होतं. चष्मेवाल्याच्या बायकोनं टॉर्च विझवला आणि पाणी आणायच्या निमित्तानं ती घरात गेली.

एवढं सगळं उघडलंत, असं म्हातारा म्हणाला. मुळापासून करायचं ठरवलंय, असं चष्मेवाल्यानं सांगितलं. ते म्हाताऱ्याला पटलं; वरवरच्या मलमपट्टीवर त्याचाही विश्वास नव्हता. त्यानं टेबलावरच्या टर्बोचं चाक बोटानं फिरवलं. चाक जरासं डुगडुगलं आणि कडेला घासलं. मग तो बराच वेळ बोलत राहिला. लांबून पळवून आणली की लगेच बंद करायची नाही. दारात उभी करून जरा नुसतीच चालू ठेवायची. टर्बो आतून लाल झालेला असतो, तेल एकदम थांबलं की जळतो. म्हाताऱ्याची बायको घराचं दार उघडून उभी असायची आणि हा गाडीतच बसून. ती चिडून विचारायची, तुम्ही घरी आलात की अजून यायचे आहात? हे सांगताना तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

त्याला गाडीत बसायचं होतं. चष्मेवाल्यानं ड्रायव्हरची सीट उचलून मधोमध जमिनीवर ठेवली. मुलीच्या आधारानं म्हातारा सीटवर टेकला. त्यानं पाय लांब केले. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. शेवटी मांडीवर ठेवले.

मुलगी टॅक्सी बघायला कोपऱ्यावर गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत म्हातारा थांबला.

"कितीला दिली, ते नाही विचारत," तो म्हणाला.

चष्मेवाला टेबलावरचा टर्बो कागदासकट मागे सरकवू लागला.

"दुसऱ्याच्या किल्लीला कुणी नवी साखळी लावत नाही." खिळ्याला किल्ली टांगलेली होती, तिकडे त्यानं मान वळवली. "दवाखान्यातच अंदाज आला होता मला. गाडीचं विचारलं की तिचा चेहरा पडायचा. म्हणून विचारणं सोडलं. तर तिला वाटलं, बाबा खचले. मग आज हट्ट धरला."

तुमची गाडी घेऊन जा, असं चष्मेवाल्याच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या मनगटाकडे पाहून त्यानं ते गिळलं. चालू झाली की तुम्हाला ऐकायला बोलावतो, एवढंच तो म्हणाला.

"केव्हा होईल?"

"वर्ष तरी जाईल, काका."

दुकानदारानं माल संपलाय म्हणून सांगावं आणि गिऱ्हाइकानं मान डोलवावी, तशी म्हाताऱ्यानं मान डोलवली.

"तिला काही कळू देऊ नका," तो म्हणाला. "खोटं बोलायची सवय नाही हो तिला. फार जड गेलंय."

टॅक्सी आली. दोघांनी मिळून त्याला उठवलं. दारापाशी तो थांबला, वळला, आणि घसा साफ करून दरडावल्यासारखा बोलला, "मिस्त्री, फार दिवस लावू नका. माझी गाडी मला हवीय."

"देतो, काका."

टॅक्सीत तो समोर बघत ताठ बसला. मुलीनं त्याच्या बाजूचं दार लावलं, आणि टॅक्सीच्या मागून वळसा घेताना, बापाला दिसणार नाही अशा बेतानं, चष्मेवाल्याला हात जोडले. त्याचे हात तेलानं बरबटलेले होते. ते त्यानं तसेच जोडले.