पार्कबाईंचं बदक

कावळा येणार कुठून? अख्ख्या ऑकलंडात औषधालाही कावळा नाही. मागच्या अंगणात केळीच्या पानावर मोरेश्वररावांच्या दहाव्याचा पिंड तसाच पडून होता, आणि वासंतीबाई तिथल्या जुलैतल्या हिवाळ्याच्या गारठ्यात शाल घट्ट ओढून त्याच्यासमोर बसल्या होत्या.

"आई, आत चल," मकरंद म्हणाला. "गुरुजी म्हणाले ना व्हिडिओवर, दर्भाचा कावळा चालतो."

"गवताचा? तो आधी वाऱ्याने उडेल. तुझे बाबा पेनरोजच्या कामावरून घरी येताना चुकायचे. त्यांना वाट माहीत असलेलं पाखरू हवं."

शेजारच्या पार्कबाई कुंपणापलीकडून बघत होत्या; कावळ्याचं सगळं वासंतीबाईंनी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. त्या कोरियाच्या. त्यांच्या गावात जुन्या राजांच्या थडग्यांच्या टेकड्या आहेत, समोरच्या माउंट वेलिंग्टन टेकडीसारख्याच गवताने झाकलेल्या. खणलं की सोन्याचे मुकुट निघतात आणि मातीची बदकं, जोडीजोडीनं. मेलेल्याला पलीकडे न्यायला. थापा मारण्यात वासंतीबाईंचा हात कोणी धरला नसता, पण ही गोष्ट त्यांनीही पार्कबाईंकडून दोनदा सांगून घेतली होती.

पार्कबाई घरात गेल्या आणि खिडकीतलं बदक घेऊन आल्या. आजच्याच कुंभाराचं, पण घडण तीच, आतून पोकळ. जोडीतलं दुसरं त्यांच्या नवऱ्याच्या शवपेटीत गेलं होतं. हे त्यांनी स्वतःसाठी ठेवलेलं.

"घ्या," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "याला रस्ता माहीत."

वासंतीबाईंनी बदकाची चोच पिंडाला टेकवली. "शिवलं!"

"अगं आई, बदक..."

"गप रे. राजांना न्यायचं ते. तुझ्या बाबांनी जन्मात कधी एवढी ऐट केली नसेल."

चोचीला चिकटलेलं शीत पदराने पुसून त्यांनी बदक कुंपणावरून पुढे केलं. पार्कबाईंनी हात मागे घेतले.

"नाही. आता ते मिस्टरांचं. मेलेल्याला दिलेलं परत घेत नाहीत."

"मग तुम्हाला न्यायला?"

पार्कबाईंनी टेकडीकडे बघत खांदे उडवले.

वासंतीबाईंनी बदक कानाला लावलं. "अहो, हे तर परत आलं! त्यांना सोडून आलंय. रिकामं आहे बघा, ऐका."

पार्कबाईंनी कान लावला. आत वारा घुमत होता.

"जायला लांब आहे का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे!" वासंतीबाई म्हणाल्या. "आपल्या कोपऱ्यावरच्या डेअरीच्या जरासं पुढे."