बाजू संपेपर्यंत

"रॉक संगीत अजरामर आहे, फक्त घरच्यांनी वीस मिनिटं गप्प बसायला हवं," असं खोपकर म्हणत. जुन्या रेकॉर्ड ते अत्युच्च दर्जात संगणकावर उतरवत, आणि पावलाचा हादराही सुईतून त्यात उतरायचा. म्हणून बायको स्वयंपाकघरात मांजरीच्या पावलांनी वावरायची.

तिचं तेरावं झाल्यावर मंजिरी, त्यांची लेक, शेवटचं रेकॉर्डिंग ऐकत बसली. चौथ्या मिनिटाला गिटारच्या मागे धप्पकन आवाज आला.

"बाबा, ही आई पडली ना?"

"मला वाटलं, डबा पडला. म्हटलं, रेकॉर्डची बाजू संपली की बघू."

"पुढे सोळा मिनिटं गाणी आहेत! डॉक्टर म्हणाले होते, पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर..."

"तो आवाज काढून टाकता येतो," खोपकर पुटपुटले.

मंजिरी पर्स घेऊन उठली. खोपकर मागोमाग आले.

"तेवढा चहा टाकून जा गं. मला गॅस पेटवता येत नाही."