तात्यांचा कार्बन

तासभर उलटला तरी दहाव्याच्या घाटावर तात्यांच्या पिंडाला कावळा शिवेना.

"आईला सांभाळीन, तात्या," मुलाने हात जोडले. कावळा ढिम्म. पुतण्याने शंभर झाडं लावायचं कबूल केलं. कावळ्याने पाठ फिरवली.

कुमुदकाकू नवऱ्यावर वैतागल्या. घराचा कार्बन मोजण्याच्या नादात या माणसाने त्यांना दहा हिवाळे गीझर लावू दिला नव्हता. आता आणखी काय हवं होतं? तेवढ्यात त्यांना मुलाची रिकामी गाडी दिसली. परतताना आत गार वाटावं म्हणून एसी लावून चालूच ठेवलेली.

"ती गाडी बंद कर आधी!" त्या कडाडल्या.

इंजिन थांबलं आणि कावळ्याने झडप घातली.

"गेले एकदाचे," काकूंनी डोळे पुसले. मग सुनेला म्हणाल्या, "घरी पोचल्यावर गीझर लाव."

"एवढ्या उन्हात?"

"हो. चांगलं कढत पाणी हवंय."